फ्लॅशविना ॲनिमेशन: स्थलांतराच्या कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२०

आजपासून काम सुरू. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेकडे पाचवी ते दहावीच्या विज्ञान-भूगोलाची ॲनिमेशनं आहेत, सगळी फ्लॅशमध्ये (ब्राउझरला ॲडोबी कंपनीचा वेगळा प्लेअर, म्हणजे प्लगइन, जोडला तरच चालणारं तंत्र), साधारण २००५ ते २००९ दरम्यान केलेली. आधी ती संगणक कक्षात सीडीवरून चालायची, मग संस्थेच्या संकेतस्थळावर चढली. मार्चपासून शाळा बंद आहेत, वर्ग मोबाइलवर भरतात आणि मोबाइलवर यातलं एकही उघडत नाही. आयफोनवर फ्लॅश कधी आलंच नाही. अँड्रॉइडसाठीचं काम ॲडोबीने २०११ च्या नोव्हेंबरात थांबवलं आणि पुढच्या ऑगस्टात प्ले स्टोअरवरूनही काढलं. संगणकावर क्रोम ७६ पासून, म्हणजे गेल्या वर्षीच्या जुलैपासून, फ्लॅश बंद स्थितीतच येतं आणि परवानगी मागत बसतं. ३१ डिसेंबरला ॲडोबीचा पाठिंबा संपणार. १२ जानेवारीपासून प्लेअर स्वतःच फाइल चालवायला नकार देणार.

मुख्याध्यापिका बाईंनी सरळ विचारलं, "हे सगळं आता त्या प्लगइनशिवाय होईल ना? मुलांच्या हातातल्या फोनवर?" होईल, असं सांगितलं आहे. काय राहील, काय जाईल आणि काय जास्तीचं मिळेल ते इथे लिहीत जाईन.

२० ऑगस्ट

फायली लावून घेतल्या. एफएलए, म्हणजे मूळ कामाची फाइल, थोड्यांचीच सापडली. बाकीच्यांची फक्त एसडब्ल्यूएफ आहे, जी प्लेअर चालवतो ती. ज्यांनी ही बनवून दिली ते आता या कामात नाहीत, त्यांच्याकडे जुनी हार्डडिस्कही नाही.

दोन ढीग केले: नुसती बघायची आणि हाताळायची. जलचक्र, पर्जन्यछाया, रक्ताभिसरण, चंद्राच्या कला ही पहिल्या ढिगात. विद्युत मंडल, भिंगं, तराजू दुसऱ्यात. हाताळायच्या फायलींत काही ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) २ मधल्या, काही ३ मधल्या. ॲक्शनस्क्रिप्ट ३ हे २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ बरोबर आलं आणि त्यासाठी प्लेअरमध्ये वेगळं यंत्रच बसवलं होतं. त्यामुळे ही विभागणी पुढे महत्त्वाची ठरणार.

२४ ऑगस्ट

सोपा मार्ग आधी बघून घेतला: पडद्यावर चालवा, व्हिडिओ करा, टाका. जलचक्राची मूळ फाइल १८० केबी, तिचा बऱ्यापैकी दिसणारा व्हिडिओ ७ एमबीच्या घरात. गावात घरी फोन एकच, तोही वडील संध्याकाळी शेतावरून आले की हातात येतो. दिवसाच्या डेटातून धाकट्या-थोरल्या दोघांचे वर्ग भागवायचे. तिथे ७ एमबी जड जातात. शिवाय व्हिडिओत पाटी मोठी करून वाचता येत नाही, मध्येच एखादा भाग दाबून बघता येत नाही. व्हिडिओ हा शेवटचा पर्याय म्हणून ठेवला.

म्हणून ब्राउझरला प्लगइनशिवाय समजणाऱ्या खुल्या प्रमाणांचा मार्ग: रेषाचित्रं एसव्हीजीत (आकृत्या रेषांच्या रूपात लिहून ठेवणारा प्रकार), हालचाल सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) आणि वेब ॲनिमेशन्स एपीआयने (ब्राउझरला हालचालीच्या आज्ञा द्यायची सोय), आणि जिथे शेकडो ठिपके उडवायचे तिथे कॅनव्हास (थेट पिक्सेल रंगवायची जागा). यातलं एसव्हीजी २००१ पासून प्रमाणित आहे. कॅनव्हास ॲपलने २००४ मध्ये आणला आणि पुढे तो वेबपानांच्या भाषेचा, एचटीएमएल ५ चा, भाग झाला. वेब ॲनिमेशन्सची मुख्य आज्ञा क्रोममध्ये २०१४ पासून, फायरफॉक्समध्ये २०१६ पासून आहे. सफारीत ती या मार्चमध्ये, १३.१ मध्ये आली. म्हणजे तिन्हीकडे एकच हालचाल एकाच पद्धतीने लिहिता येण्याचं हे पहिलंच वर्ष. काम याच वर्षी आलं ते एका परीने बरंच झालं.

३१ ऑगस्ट

पर्जन्यछायेपासून सुरुवात, कारण साताऱ्याच्या मुलांना ते ॲनिमेशन सर्वांत जवळचं. अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढताना हवा थंड होते, घाटमाथ्यावर कोसळतात, आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. माणमधल्या मुलाला आपल्याकडे टँकर का येतो, हे त्या चित्रात कळतं.

एसडब्ल्यूएफ उलगडून आकृत्या बाहेर काढल्या आणि एक गोष्ट जवळून बघायला मिळाली. फ्लॅशमध्ये मापं ट्विपमध्ये असतात, एका पिक्सेलचे वीस ट्विप. प्रत्येक कडेला दोन रंग जोडलेले असतात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. सह्याद्रीच्या कड्याची रेष फाइलमध्ये एकदाच आहे: तिच्या एका बाजूला आकाशाचा निळा, दुसऱ्या बाजूला डोंगराचा हिरवा. एसव्हीजीला असं चालत नाही. त्याला आकाशाची पूर्ण बंद आकृती वेगळी लागते, डोंगराची वेगळी. तीच कड दोनदा काढली जाते, दोन्ही वेळा तिच्या कडेचे पिक्सेल अर्धेमुर्धे रंगतात, आणि मध्ये केसाएवढी पांढरी फट दिसते. स्वस्त फोनच्या पडद्यावर ती चांगलीच डोळ्यात भरते.

उपाय साधा: मागची आकृती पुढच्या आकृतीखाली थोडी सरकवून ठेवायची. डोंगराच्या आड आकाश जरा जास्त भरलं की फट गेली. पण हे यंत्राने होत नाही, प्रत्येक चित्रात काय मागे आणि काय पुढे ते बघून करावं लागतं. वेळेच्या अंदाजात हे धरलं आहे.

४ सप्टेंबर

हालचालींचं गणित जमलं. फ्लॅशमध्ये ट्वीनला (पहिल्या आणि शेवटच्या चित्रामधली आपोआप भरली जाणारी हालचाल) ईझ, म्हणजे वेगाचा चढउतार, द्यायचा, उणे १०० ते १००. तो १०० ठेवला की वस्तू जोरात निघते आणि हळूहळू थांबते, आणि ती वक्ररेषा वर्गसमीकरणाची असते. सीएसएसमध्ये वेगासाठी घन बेझिए वक्र (चार आकड्यांनी ठरणारी वक्ररेषा) मागतात. वर्गाच्या वक्राला घन वक्रात अचूक बसवता येतं: ०.३३३, ०.६६७, ०.६६७, १. अंदाजपंचे नाही, तंतोतंत तीच रेषा. ढग घाटाला येऊन ज्या पद्धतीने रेंगाळतो ते मूळ चित्रकाराने डोळ्याने ठरवलेलं होतं, आणि ते जसंच्या तसं आलं याचा मनापासून आनंद झाला.

मूळ फाइल सेकंदाला १२ चित्रांची. आता ब्राउझर सेकंदाला ६० काढतो. ढग, पाणी, चंद्र ६० वर सुंदर सरकतात. पण चालणारा शेतकरी मुद्दाम चित्रामागून चित्र असा काढलेला आहे, त्याला पायऱ्यांच्या पद्धतीने १२ वरच ठेवलं.

७ सप्टेंबर

ढग आकार बदलतो. हा शेप ट्वीन. सीएसएसने एसव्हीजीच्या रेषेचा आकार बदलणं आज फक्त क्रोमच्या घराण्यात होतं, म्हणून ते बाद. मात्र एसव्हीजीची स्वतःची जुनी ॲनिमेशन भाषा, स्माइल, इथे कामाला येते. ती क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांत चालते. २०१५ मध्ये क्रोमने ती काढून टाकायचा इरादा जाहीर केला होता आणि वर्षभराने तो बासनात ठेवला, त्याचा आज फायदा होतो आहे. अट एकच, सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकारात तुकडे सारखे हवेत. फ्लॅशने ते आधीच जोडीजोडीने साठवले आहेत. सरळ तुकड्यांनाही वक्र म्हणून लिहिलं की काम झालं.

प्रमाणित असणं आणि सगळीकडे असणं यात वर्षांचं अंतर पडतं. प्लगइनचा एक मोठा गुण मान्य करायला हवा: प्लेअरची आवृत्ती जुळली की सगळीकडे तेच दिसायचं. ब्राउझरांनी हे मिळवायला २०१० पासून २०२० उजाडलं.

१५ सप्टेंबर

आवाज. फ्लॅशमध्ये निवेदन 'स्ट्रीम' म्हणून लावलं की आवाज हा मालक आणि चित्रं त्याच्या मागे. संगणक मंद असेल तर प्लेअर मधली चित्रं गाळायचा, पण "आता बाष्प वर चढते" हे शब्द आणि वर चढणारं बाष्प यांची गाठ सुटायची नाही. ब्राउझरमध्ये असं आयतं काही नाही. आवाज त्याच्या घड्याळावर चालतो, ॲनिमेशन वेगळ्या. दोन मिनिटांच्या धड्यात मंद फोनवर निवेदन पुढे निघून जातं.

मग घड्याळ एकच केलं. सगळी ॲनिमेशनं सुरुवातीलाच थांबवून ठेवायची. पडदा रंगवायच्या प्रत्येक वेळी आवाज कितव्या मिलिसेकंदावर आहे ते विचारायचं आणि प्रत्येक ॲनिमेशनची वेळ तिथे नेऊन ठेवायची. वेब ॲनिमेशन्समध्ये ही वेळ बाहेरून बसवता येते, आणि स्माइललाही पूर्ण चित्राची वेळ बसवायची सोय आहे. त्यामुळे दोन्ही भाषा एकाच आवाजाला बांधल्या गेल्या. काही फोनवर आवाजाची वेळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकते, तिथे मधली वेळ पडद्याच्या घड्याळावरून भरून काढतो.

याचा एक फायदा असा की मागेपुढे सरकवायची पट्टी फुकटात मिळाली. जुन्यात ती नव्हती. रक्ताभिसरणात डावा कप्पा-उजवा कप्पा यांत गोंधळ झाला की मूल आता बोटाने मागे जाऊ शकतं.

पानावर येताच आवाज सुरू करता येत नाही, ब्राउझर तो अडवतो. एक मोठं "सुरू करा" बटण ठेवलं.

१६ सप्टेंबर

सगळी ॲनिमेशनं एकदम गोळा करून देणारी आज्ञा क्रोम ८४ मध्ये, म्हणजे या जुलैत आली आहे. मुलांच्या फोनमध्ये जागा नसते, क्रोम वर्षानुवर्षं जुनंच राहतं. ती आज्ञा वापरणार नाही, यादी स्वतः ठेवतो.

२८ सप्टेंबर

आजचा दिवस मराठी अक्षरांचा, आणि या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा.

२००८ मध्ये प्लेअर १० येईपर्यंत फ्लॅशला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता यायची नाहीत. म्हणून तेव्हा सगळे दोनच गोष्टी करायचे: जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप करायचं, नाहीतर अक्षरं फोडून त्यांची चित्रं करायची. पहिल्या प्रकारच्या फायलींतून मजकूर बाहेर काढला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा मिळतो. दुसऱ्या प्रकारात मजकूर नाहीच, नुसत्या रेषा. 'बाष्पोत्सर्जन' ही पाटी गूगलला शोधता येत नव्हती, अंध विद्यार्थ्याला स्क्रीन रीडरवर ऐकता येत नव्हती, आणि शुद्धलेखन सुधारायचं तर मूळ फाइल हवी.

सगळ्या पाट्या युनिकोडमध्ये नव्याने टाइप केल्या. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली की ज्या फॉन्टात सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्याची' यातला ऱ नीट दिसतो का ते प्रत्येक फोनवर तपासलं. पाटी आता चित्राबरोबर सरकते, मोठी होते, विरते, आणि तरीही मजकूरच राहते. प्लगइनच्या काळात आपल्या लिपीला हे मिळालं नव्हतं. इथे नवं प्रमाण जुन्याची नुसती जागा घेत नाही, सरळ पुढे जातं.

अडचण एकाच ठिकाणी आली. 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द मूळ धड्यात अक्षरामागून अक्षर उमटतो. संगणकाच्या हिशेबाने शब्द तोडला की 'गु' चा उकार सुटा पडतो आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून पडद्यावर येतो. ब्राउझरमध्ये अक्षरगट ओळखायची सोय येऊ घातली आहे, पण तिचा नियम 'त्वा' ला 'त्' आणि 'वा' असं तोडतो. मुलाला ते चुकीचंच दिसणार. नियम स्वतः लिहिला: व्यंजन, हलन्त असेल तर पुढचं व्यंजन धरायचं, असं जोडत जाऊन शेवटी मात्रा आणि अनुस्वार. गु, रु, त्वा, क, र्ष, ण. शिवाय अक्षरं सुटी न ठेवता पूर्ण शब्द एकत्रच ठेवला आणि वरचा पडदा गटागटाने बाजूला केला, म्हणजे शिरोरेषा तुटत नाही.

९ ऑक्टोबर

विद्युत मंडल. तारा, बॅटरी, बल्ब ओढून जोडायचे. एसव्हीजीत प्रत्येक तार हा पानावरचा स्वतंत्र घटक असतो, त्यामुळे बोट कोणत्या तारेवर पडलं हे ब्राउझरच सांगतो. ॲक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट ही एकाच घराण्यातली भाषा, त्यामुळे ओहमच्या नियमाचा भाग जवळजवळ तसाच उतरला.

खरा प्रश्न माउसचा निघाला. जुन्या धड्यांत भागांची नावं माउस वर नेला की दिसायची. फोनवर बोट एकतर टेकलेलं असतं किंवा नसतं, नुसतं वर तरंगत नाही. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने एप्रिल २०१० मध्ये फ्लॅशविरुद्ध लिहिलेल्या जाहीर पत्रात हाच मुद्दा होता, की हे माउससाठी बनलेलं आहे, बोटांसाठी नाही. त्या पत्रातले इतर मुद्दे मला आजही व्यापाराचे वाटतात, पण हा खरा आहे. कोणतंही प्रमाण हे आपोआप सोडवत नाही. हृदयाच्या चित्रात प्रत्येक भागाला दाबण्याएवढी जागा द्यावी लागली, आणि महाधमनीचं नाव बोटाखाली झाकलं जाऊ नये म्हणून ते बाजूला रेषेने काढावं लागलं. भूगोलाच्या बाईंनी हे त्यांच्या सहावीच्या मुलीकडून करून बघितलं, मग पास केलं.

२० ऑक्टोबर

पाऊस कॅनव्हासवर हलवला. एसव्हीजीत शेकडो थेंब ठेवले तर दोन जीबी रॅमचा फोन गुदमरतो. कॅनव्हासवर तेच थेंब निवांत पडतात. बाकी ठिकाणी फक्त जागा बदलणं आणि पारदर्शकता एवढंच हलवायचं, कारण ते काम फोनचा ग्राफिक्स भाग उचलतो. धूसर सावल्या काढून टाकल्या.

ज्यांना हालचालीने चक्कर येते अशांसाठी फोनमध्ये हालचाल कमी करायची सेटिंग असते. ती पानाला वाचता येते. तशा वेळी धडा स्थिर चित्रांच्या मालिकेत दिसतो.

२० नोव्हेंबर

इंटरनेट आर्काइव्हने काल जाहीर केलं की ते जुनी फ्लॅश ॲनिमेशनं आणि खेळ ब्राउझरमध्येच चालवून दाखवणार, रफल नावाच्या प्लेअरने. रफल रस्ट भाषेत लिहिलेला आहे आणि वेबअसेंब्लीवर (इतर भाषांतले प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालवायची सोय) चालतो. वेबअसेंब्ली गेल्या डिसेंबरातच डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत प्रमाण झालं. म्हणजे प्लगइनचं काम करणारा प्लेअरच प्रमाणांच्या आत उतरला. मोझिलाचा शमवे आणि गूगलचा स्विफी हे असेच प्रयत्न २०१६ मध्ये गुंडाळले गेले होते, म्हणून मी या वाटेकडे आधी बघितलं नव्हतं.

आज आपल्या फायली घालून बघितल्या. ॲक्शनस्क्रिप्ट २ चे बहुतेक धडे सुरू झाले, आवाजासकट. ३ चे नाहीत. माझं मत: मूळ कलाकृती जपायला रफलच योग्य, शिकवायला नवं रूप. मुलाला फोनवर मोठी अक्षरं, बोटाला पुरेल अशी जागा आणि वाचता येणारा मजकूर हवा, तो रफल देऊ शकत नाही. पण तीस वर्षांनी कोणी विचारलं, की साताऱ्यातल्या एका शाळेने २००५ मध्ये जलचक्र कसं दाखवलं, तर मूळ फाइल जशीच्या तशी दिसली पाहिजे. सगळ्या एसडब्ल्यूएफ तारखेसकट वेगळ्या ठेवायचं संस्थेने मान्य केलं.

२ डिसेंबर

मूळ चित्रं काढणाऱ्या कलाशिक्षकांशी आज बोलणं झालं. निवृत्त आहेत. सर म्हणाले, "मला प्रोग्रामिंग येत नव्हतं, आजही येत नाही. टाइमलाइन होती, पहिलं चित्र इथे, शेवटचं तिथे, मधलं ते करायचं. आता मी भरती-ओहोटीचा धडा करायचा म्हटला, तर कशात करू?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही, आणि मला वाटतं या सगळ्या कामातली खरी अडचणीची जागा हीच आहे. प्रमाणांनी प्लेअरची जागा घेतली, त्याबद्दल शंका उरली नाही. पण फ्लॅश हे चित्रकाराचं हत्यारही होतं. १९९६ मध्ये ते फ्यूचरस्प्लॅश नावाने आलं तेव्हाही ते रेखाटायचं साधन होतं. त्याच्या बळावर तालुक्याच्या गावातला कलाशिक्षक एकट्याने धडा बनवून फ्लॉपीवर नेऊ शकत होता. आज तोच धडा करायला मी लागतो. ॲडोबी ॲनिमेट आहे, २०१६ मध्ये फ्लॅशचंच नाव बदलून केलेलं, आणि ते कॅनव्हाससाठी फाइल देतं. पण दरमहा भाडं भरून, आणि पाट्यांचं पुन्हा चित्र करून. लॉटी या दुसऱ्या ॲनिमेशन-प्रकाराला ॲडोबीचंच आफ्टर इफेक्ट्स लागतं, तेही भाड्याचंच.

सरांसाठी असं ठरवलं: त्यांनी इंकस्केपमध्ये काढायचं, ते मोफत आहे आणि थेट एसव्हीजीत जतन करतं. प्रत्येक थराला मराठीत नाव द्यायचं: चंद्र, पाणी, किनारा. मग एका तक्त्यात लिहायचं, कोणता थर, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, कुठून कुठे, कसा थांबतो. तक्ता वाचून ॲनिमेशन तयार करणारा छोटा प्रोग्राम मी लिहितो आहे. तो सगळ्यांसाठी खुला ठेवणार.

१४ डिसेंबर

सरांचा पहिला तक्ता आला. भरतीचं पाणी चढताना ईझच्या रकान्यात त्यांनी "आधी हळू, मध्ये जोरात, पुन्हा हळू" असं लिहिलं होतं. प्रोग्रामला आता हे तीन शब्दप्रयोगही समजतात. आकडे कोणाला पाठ करायला लावायचे नाहीत.

८ तारखेला फ्लॅश प्लेअरची शेवटची आवृत्ती आली. संगणक कक्षात ती चढवायची नाही, असं शाळेला कळवलं.

१३ जानेवारी २०२१

कालपासून जुनं पान उघडलं की धड्याच्या जागी नुसती करड्या रंगाची चौकट येते. सगळे जुने दुवे नव्या धड्यांकडे वळवले. बघायचा ढीग पूर्ण झाला आहे. हाताळायच्यांत भिंगं आणि तराजू बाकी. ते दोन्ही ॲक्शनस्क्रिप्ट ३ चे, नव्यानेच लिहावे लागतील. तोवर शिक्षकांना फेट प्रकल्पाचे (विज्ञानाचे हाताळता येणारे मोफत धडे) मराठीतले धडे पाठवले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या त्या प्रकल्पानेही आपले जावा आणि फ्लॅशमधले बरेच धडे याच वाटेने एचटीएमएल ५ मध्ये आणले आहेत.

जलचक्र आणि चंद्राच्या कला यांचं निवेदन फारच दबलेल्या आवाजात आहे, सीडीत जागा वाचवायला तेव्हा तसं केलेलं. भूगोलाच्या बाई ते पुन्हा वाचायला तयार आहेत. सोमवारी दुपारी, शेजारची पिठाची गिरणी बंद असते तेव्हा, त्यांच्या घरी ध्वनिमुद्रण. नवा आवाज आला की दोन्हींच्या वेळा तक्त्यात पुन्हा बसवायच्या.